नववीला रवांडा शिकवताना

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आफ्रिकेतल्या रवांडा देशातला नरसंहार शिकवायला सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. कवट्यांच्या फोटोंपासून करू नकोस. पोरं दोन मिनिटं गप्प होतील आणि दूर कुठेतरी क्रूर माणसं राहतात, एवढंच घेऊन घरी जातील.

ओळखपत्रापासून कर. हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन समाज. ते भाषा एकच बोलत, एकाच डोंगरउतारावर राहत, त्यांच्यात लग्नंही होत. १९३०च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने कार्डावर जमात लिहिली. १९९४च्या एप्रिल ते जुलैत, शंभर दिवसांत, सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, शिवाय कत्तलीला विरोध करणारे हुतू. रस्त्यारस्त्यांवर अडथळे उभारून कट्टर हुतू मारेकरी तेच कार्ड मागत होते.

कार्ड आलं ते कत्तल झाली, या मधल्या काळात शाळांमधून शिक्षक हुतू मुलांना वेगळं, तुत्सी मुलांना वेगळं उभं करत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना ‘अमुक जातीची मुलं उभी राहा’ असं मीही भर वर्गात म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी एक नाहीत, मला कळतं. पण त्या मुलांच्या खाली गेलेल्या माना मला फार उशिरा दिसल्या. तू अर्ज एकेकाला जवळ बोलावून भरून घे.

मग रेडिओ. १९९३मध्ये सुरू झालेलं आरटीएलएम केंद्र झकास गाणी लावायचं, तरुणांना आवडायचं. त्यावर तुत्सींना ‘इन्येंझी’ म्हणत, म्हणजे झुरळं. वर्गाला विचार, घरात झुरळ दिसलं की काय करता? उत्तर आलं की लगेच बोलू नकोस, थोडी थांब. पुढे याच केंद्रावरून कुणाला गाठायचं त्यांची नावं वाचली गेली.

अर्धा वर्ग हुतू, अर्धा तुत्सी करून नाटक मात्र बसवू नकोस. मुलांना लागतं.

शेवटी रवांडातल्याच न्यांगे गावची शाळा सांग. मार्च १९९७मध्ये हत्यारबंद लोक रात्री वर्गात घुसले. हुतू एकीकडे, तुत्सी एकीकडे व्हा, म्हणाले. मुलं हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचे, म्हणाली. त्यातली काही मारली गेली. यावर ‘तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारू नकोस. चौदा वर्षांच्या पोराला त्या प्रश्नात अडकवणं अन्यायाचं आहे. ती मुलं त्याआधी रोज कशी राहत असतील, एका बाकावर, एका पंगतीला, यावर बोलू दे त्यांना.

तुझ्या वर्गात कोण कुणाशेजारी बसतं, पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
बाई