एक रिसेप्टर, तीन परिणाम. मग शाखा कोणती?

एका बारावीच्या विद्यार्थिनीने लिहिलंय: "मेंदूतला ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर चयापचय, मनःस्थिती आणि आपसातली जवळीक, तिन्हींवर परिणाम करतो असं वाचलं. मला यावरच संशोधन करायचंय. मेडिकलला जाऊ, मानसशास्त्राला की जीवशास्त्राला?"

शाखेचं नाव थोडं बाजूला ठेव. या विषयातलं कुठलं काम तुला रोज करायला आवडेल, ते आधी बघू.

ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) म्हणजे अवघ्या ९ अमिनो आम्लांची साखळी. ती पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटून संदेश देते, तो तिचा रिसेप्टर. तो मेंदूच्या अनेक भागांत असतो, म्हणून परिणामही अनेक. अमिगडाला या मेंदूतल्या भावनांशी निगडित भागात तो भीतीशी जोडलेला. हा रिसेप्टर नसलेले उंदीर पुढे लठ्ठ होतात, आणि भेटलेला उंदीर त्यांना पुन्हा ओळखू येत नाही.

आता खरी गंमत. प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी, जन्मभराची जोडी जमवणारा. औषधाने हा रिसेप्टर अडवला की जोडी जमत नाही, असं प्रयोग वर्षानुवर्षं सांगत होते. २०२३ मध्ये क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राने रिसेप्टरचं जनुकच निकामी केलेले व्होल तपासले, तर त्यांनी जोड्या जमवल्या, माद्यांनी पिल्लांना पाजलंही! तरीही आधीचे प्रयोग खोटे ठरत नाहीत. रिसेप्टर जन्मापासूनच नसेल तर वाढणारा मेंदू दुसरी वाट काढत असावा. हे वाचून तुझा हिरमोड झाला की उत्सुकता वाढली? माझ्या दृष्टीने मार्कांपेक्षा हे महत्त्वाचं.

जनुकात बदल करायला रेणवीय जीवशास्त्र लागतं. कोण कोणाला चिकटून बसलं, हे तासन्‌तास व्हिडिओत मोजायला प्राणिवर्तन किंवा मानसशास्त्र. माणसाला उपयोग होतो का, हे तपासायला वैद्यकशास्त्र. ऑटिझम असलेल्या मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीत ऑक्सिटोसिनचा नाकातला स्प्रे औषध नसलेल्या दिखाऊ स्प्रेपेक्षा सरस ठरला नाही, तेव्हा इथेही धीर हवाच. संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग मात्र कुठेही गेलीस तरी सुटत नाही.

रुग्ण तपासायची ओढ नसेल तर मेडिकलचा हट्ट नको. जीवशास्त्राची पदवी घे, सोबत संख्याशास्त्र ठेव. एकाच रिसेप्टरला आत्ताच वाहून घेऊ नकोस. पीएचडी धरून बरीच वर्षं लागतील, हे आई-बाबांनाही आत्ताच सांग.

आणि या सुट्टीत एक कर. दोन पक्षी किंवा दोन मांजरं निवड, अर्धा तास दर मिनिटाला ती काय करतात ते वहीत टिप. सलग आठवडाभर. मग ती वही समोर ठेवून मला पुन्हा लिही.