माईला विचारा : पोरगं ट्रेनिंगला गेलंय आणि फोनच येत नाही

प्रश्न : माई नमस्कार. मी खटाव तालुक्यातली. माझा धाकटा 19 वर्षांचा, अग्निवीरमध्ये सिलेक्ट झाला आणि बेळगावला मराठा रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला गेला, तीन आठवडे होत आले. मोबाईल नेला होता पण तो तिथं जमा करून घेतला म्हणे. आत्तापर्यंत एकच फोन आलाय, तोही दोन मिनिटांचा, आवाज पार बसलेला, मी विचारलं जेवलास का तर हो, काही त्रास आहे का तर नाही, आणि "ठेवतो, उस्ताद बोलवतायत" म्हणून ठेवूनच दिला (उस्ताद म्हणजे त्यांना ट्रेनिंग देणारे). तेव्हापासून मला झोप नाही, रात्री उठून त्याचं व्हॉट्सअ‍ॅप उघडून लास्ट सीन बघते, ते तिथंच अडकलंय. त्याचा मित्र नाशिकला तोफखान्यात आहे, तो मात्र दर रविवारी आईशी बोलतो, मग आमच्याच पोराला का नाही देत फोन? आमचे हे म्हणतात रडून त्याचा पाय मागे ओढू नकोस. बेळगाव काही लांब नाही, गाडी करून जाऊन गेटवर तरी बघून यावं का?

उत्तर : ताई, आधी गाडीचं सांगते. नका जाऊ. परवानगीशिवाय गेटवर कुणी भेटू देत नाही, आणि समजा कुणी भला माणूस भेटला न् दिलं भेटू, तरी पन्नास पोरांतून एकट्याला बाहेर बोलावून आईसमोर उभं केलं की त्याचं काय होतं ते त्या पोरालाच माहीत. रात्री बराकीत सगळे त्याच्याकडं बघणार, आणि जे घर त्यानं तीन आठवडे दाबून ठेवलंय ते सगळं वर येणार. तुम्हाला दोन दिवस बरं वाटेल, त्याला पुढचे आठ दिवस जड जातील.

आता आवाजाचं. अहो पोरगं आजारी नाही, आवाज ओरडून ओरडून बसलाय. ड्रिलमध्ये पावलापावलाला मोजणी जोरात द्यावी लागते, त्यात मराठा रेजिमेंटचा जयघोष "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय", तो काय हळू आवाजात देतात होय. सुरुवातीला सगळ्यांचेच घसे जातात. पायाला फोड येतात, नळ्या दुखतात, वजन उतरतं, तोंड रापतं. पहिला फोटो येईल तेव्हा हे आठवा, नाहीतर बघूनच हंबरडा फोडाल. लंगरमध्ये, म्हणजे तिथल्या खानावळीत, जेवण पोटभर असतं, पण पहाटेपासून पीटी, ड्रिल, हत्यार, क्लास, परत संध्याकाळी ग्राउंड असं चालल्यावर अंगावरची घरची चरबी राहणार कुठून.

हिशोब माहीत असला की जीव जरा खाली बसतो म्हणून सांगते, इन्फंट्रीच्या म्हणजे पायदळाच्या अग्निवीरांचं ट्रेनिंग 31 आठवड्यांचं असतं, त्यातले पहिले 10 आठवडे बेसिक आणि पुढचे 21 अ‍ॅडव्हान्स्ड. तुमचा पोरगा आत्ता पहिल्या दहामधल्या सगळ्यात अवघड टप्प्यात आहे. फोन ह्याच काळात सगळ्यात कमी असतो, पुढं बऱ्याच ठिकाणी थोडी सवलत मिळत जाते. पण ती किती आणि कधी ते सेंटर बघून, कंपनी म्हणजे तुकडी बघून, कधी कधी तिच्यातल्या छोट्या गटाच्या, म्हणजे प्लाटूनच्या, उस्तादाचा मूड बघूनसुद्धा ठरतं! म्हणून त्या नाशिकवाल्या मित्राशी तुलना सोडा. शिवाय रविवार म्हणजे सुट्टी असंही नसतं, कपडे धुणं, केस कापणं, बूट पॉलिश, आणि त्यातून वेळ उरला तर फोनची लाईन, लाईनीत आपला नंबर येईपर्यंत फॉल इनची, म्हणजे रांगेत उभं राहायची, शिट्टी वाजते. तुमच्या लेकाला दोन मिनिटं मिळाली ती त्यानं तुम्हाला दिली, हे विसरू नका.

मोबाईल जमा करण्यामागं दुष्टपणा नाही. एक तर सुरक्षेचं कारण, जुलै 2020 मध्ये आर्मीनं जवानांना फेसबुक इन्स्टाग्रामसकट 89 अ‍ॅप मोबाईलमधून काढायला लावले होते, मग रिक्रूटच्या हातात कोण ठेवेल. आणि दुसरं, माझ्या मते जास्त खरं, पोराचं मन त्या बराकीत रुजायला पाहिजे. रात्री दहाला घरच्यांशी व्हिडिओवर बोलणारं पोरगं शेजारच्या खाटेवरच्या पोराशी बोलत नाही, आणि पुढं जन्मभर कामाला येणारं माणूस ते शेजारचंच असतं. हे मला ह्यांच्या नोकरीत दिसलं. आमचे हे मराठा रेजिमेंटमध्येच होते, त्या काळी पत्र पंधरा पंधरा दिवसांनी यायचं, आणि दारात तारवाला दिसला की आख्खी गल्ली गप्प व्हायची. तार 2013 च्या जुलैत बंद झाली, मला तरी तिचं काही वाईट वाटलं नाही.

लास्ट सीन बघणं बंद करा. त्यातून काहीच कळत नाही. भरतीच्या कागदांवर तुमचं नाव, पत्ता, नंबर सगळं आहे, पोराला काही झालं तर कळवायला माणसं आहेत तिथं. फोन येत नाही ह्याचा अर्थ तो दमून झोपलाय, एवढाच घ्या.

पुढचा फोन येईल तेव्हा जेवलास का विचारू नका. त्याचं उत्तर हो असंच येणार, आणि दोन मिनिटांतली अर्धी त्यात गेली. आधी त्याला बोलू द्या. मग असं काहीतरी विचारा की ज्याला हो नाहीतर नाही म्हणून सुटता येत नाही, शेजारच्या खाटेवरचा कुठला आहे, फायरिंग कधी, उस्ताद कोणत्या गावचा. तो मधेच हिंदीत "हां जी" म्हणेल, हसू नका, तिथं दिवसभर हिंदीच चालते. रडू आलं तर ठेवल्यावर रडा, भरपूर रडा. घरातलं बारीकसारीक रडगाणं, विहिरीचं भांडण, भावकी, हे त्याला सांगू नका. पण मोठी गोष्ट लपवूही नका. आजी दवाखान्यात असेल तर सांगा आजी दवाखान्यात आहे, कोण सोबत आहे, डॉक्टर काय म्हणाले. पोरगं खचेल म्हणून घरचे लपवतात आणि मग त्याला गावच्या मित्राकडून कळतं, तिथून पुढं तुमच्या प्रत्येक "सगळं ठीक आहे" वर तो संशय घेतो.

आणि पत्र लिहा ना ताई! पोस्टातून अंतर्देशीय आणा, अडीच रुपयाला मिळतं, पोस्टात नसलंच तर साधं पाकीट चालेल. त्याचा आर्मी नंबर, नाव, प्लाटून, कंपनी, सेंटर असा पूर्ण पत्ता त्याच्याकडून एकदा नीट उतरवून घ्या, प्लाटून चुकली तर पत्र फिरत बसतं. वर कोपऱ्यात पत्राचा क्रमांक टाका, कारण तिसरं आधी आणि दुसरं नंतर असं हटकून होतं. लिहायचं काय, तर जे रोज बोलता तेच. म्हैस व्यायली, सोयाबीनला काय दर मिळाला, यात्रेच्या कुस्त्यांत कोण पडला, धाकट्या चुलत्यानं परत गाडी ठोकली. "देशाचं नाव काढ" वगैरे भाषण नको, ते त्याला तिथं रोज मिळतंय. फोन दोन मिनिटांत संपतो, पत्र तो दहा वेळा वाचतो. खायचं पार्सल मात्र विचारल्याशिवाय पाठवू नका, आत घेऊ देतातच असं नाही. पैसेही नकोत, अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना 30 हजार पगार आहे, त्यातले 21 हजार हातात येतात आणि बाकीचे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या सेवानिधीला कापले जातात, पोराला तिथं खर्चच काय.

अजून दोन गोष्टी, जरा कडक सांगते. पाहुण्यातला सुभेदार, आमदारांचा पीए, असली ओळख लावून "जरा बघा आमच्या पोराकडं" असं अजिबात करू नका. ते उस्तादापर्यंत पोचलं की पोराची रगडापट्टी वाढते, कमी होत नाही. आणि दुसरं, "नको वाटतंय आई, परत येऊ का" हे वाक्य बहुतेक पोरं एकदा तरी बोलतात, लगेच "ये बाळा" म्हणू नका. अग्निवीरला मधेच आपल्या मर्जीनं सोडता येत नाही, अगदी अपवादालाच परवानगी मिळते. म्हणा "हा आठवडा काढ, पुढच्या फोनला बोलू". पुढच्या फोनला बहुतेक वेळा विषय निघत नाही. मात्र पोरगं जगण्यात अर्थ नाही असलं काही बोललं, किंवा मार लागलाय, ताप उतरत नाही असं म्हणालं, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी कंपनी ऑफिसला फोन करायचा, म्हणून तो नंबर आत्ताच मागून ठेवा. नंबर नाही मिळाला तर साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे तिथं जा. आणि टेलिमानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा फुकटचा नंबर तुमच्या स्वतःच्या झोपेसाठीसुद्धा आहे, लाजू नका. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, आहे.

मिस्टरांना म्हणावं, रडल्यानं पाय मागे येत नाहीत. तेही रात्री उठून पाणी प्यायला जात असतील, बघा एकदा.

प्रश्न : माई, माझी मुलगी नेव्हीत अग्निवीर, ओडिशात चिल्काला नेव्हीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग चालू आहे. आम्ही रत्नागिरीचे. मुलगा असता तर लोक कौतुक करून गप्प बसले असते, आता रोज कोणीतरी विचारतं "फोन आला का, कसं होत असेल हो पोरीचं". मी हसून वेळ मारून नेतो आणि मग दिवसभर डोक्यात तेच.

उत्तर : दादा, पोरीचं छान होतंय, डोकं त्या विचारणाऱ्यांनी खाल्लंय. चिल्काचं ट्रेनिंग 16 आठवड्यांचं, म्हणजे आर्मीच्या मानानं लवकर संपतं. आणि ती काही तिथं एकटी मुलगी नाही, मार्च 2023 ला अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली तिच्यातच 273 मुली होत्या, आणि ती परेड सूर्यास्तानंतर झाली होती, नेव्हीत पहिल्यांदाच. लोकांना हेच सांगा, "रविवारी बोलली, पोहायला जाते, दमते, आता आठवडाभर फोन नाही" आणि विषय बदला. खोटं हसू नका, कोकणातली माणसं लगेच ओळखतात. पुढच्या ट्रेनिंगला ट्रेडप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी पाठवतात, इंजिनिअरिंगची ब्रँच मिळाली तर लोणावळ्याला येईल, मग काय, तुमच्याकडचे आंबे थेट तिकडं.

प्रश्न : आमचा नातू ट्रेनिंगला आहे. परवा फोन आला, "तुमचा मुलगा ग्राउंडवर पडलाय, मिलिटरी हॉस्पिटलला ऑपरेशन आहे, 20 हजार लगेच टाका". सुनेनं रडत रडत पैसे पाठवायला घेतले, शेजारच्या पोरानं थांबवलं. असं खरंच मागतात का? (जत, जि. सांगली)

उत्तर : काका, त्या शेजारच्या पोराला जेवायला बोलवा. सैन्यात भरती झालेल्याच्या उपचाराचा खर्च सरकार करतं, घरी फोन करून कुणी पैसे मागत नाही. हे भामटे गावच्या ग्रुपवरचे अभिनंदनाचे फोटो बघतात, त्यात नाव, सेंटर, कधी कधी बापाचा नंबरसुद्धा असतो, पोराचा फोन बंद आहे हे त्यांना माहीत असतं आणि आईचा जीव टांगणीला लागलाय हेही. असा फोन आला की ठेवायचा आणि आपल्याकडच्या कंपनी ऑफिसच्या नंबरला आपण फोन करायचा. पैसे गेलेच तर 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच कळवायचं, जितकं लवकर तितकं परत मिळायची शक्यता जास्त. बॅनर, फोटो, कोणत्या गाडीनं गेला, कोणत्या कंपनीत आहे, हे सगळं ग्रुपवरून काढून टाका. आणि पुढच्या रविवारी नातवाशी बोलताना घरातल्यालाच माहीत असेल असा एक शब्द ठरवून घ्या, गोठ्यातल्या वासराचं नाव, काहीही, "साहेब" म्हणवणाऱ्यानं फोन केला की तो विचारायचा. फक्त सुनेला सांगा, तो शब्द स्टेटसला ठेवायचा नाही.