‘कॉलेजात फोटो काढायची नोकरी’ : गंगाखेडच्या एका वडिलांना उत्तर

गंगाखेडहून एका वडिलांचं पत्र आलंय. एसटीत वाहक आहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. मुलीने नांदेडला पत्रकारितेत एम.ए. केलं. आता संभाजीनगरच्या एका खाजगी शिक्षणसंस्थेने तिला ‘कम्युनिकेशन एक्झिक्युटिव्ह’ म्हणून बोलावलंय. 11 महिन्यांचा करार, महिना 20,000 रुपये. वडील लिहितात, “फोटो काढून फेसबुकवर टाकायला एम.ए. कशाला लागतंय? बी.एड. केलं असतं तर निदान मास्तरीण तरी म्हणले असते. ह्या लाईनीत पुढं काही आहे का, का लेकराचे वर्षं वाया जातेत, तेवढं खरं खरं सांगा.”

नमस्कार भाऊ,

खरं खरंच सांगते. ह्या कामाचा मलाही अनुभव आहे. मार्गदर्शनाकडे वळण्याआधी 6 वर्षं मी एका शिक्षणसंस्थेच्या जनसंपर्क विभागात काढली. ‘विभाग’ म्हणजे मी, एक शिपाई आणि एक प्रिंटर. प्रिंटर बहुतेक वेळा रुसलेला.

हे काम काय असतं ते तुम्हाला समजवायला मला फार लांब जायची गरज नाही. तुमची गाडी परभणीच्या अलीकडे बंद पडते. दुसरी गाडी कधी येणार हे डेपोला माहीत, तुम्हाला नाही. तुम्ही फोन लावता, तिकडून “बघतो” म्हणतात. आणि पन्नास माणसं तुमच्याकडे बघून ओरडतात. गाडी तुम्ही बंद पाडली नाही, दुसरी पाठवणं तुमच्या हातात नाही, पण तोंड तुमचं. तुमच्या मुलीला जी नोकरी मिळतेय ती ह्याच जातीची आहे. फोटो काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

माझ्या नोकरीतली एक रात्र सांगते. पावसाळ्याचे दिवस, परीक्षा चालू. दुपारपासून संततधार, ओढ्यांना पूर, दोन तालुक्यांचे रस्ते बंद. उद्याचा पेपर पुढे ढकलायचा, असं साडेपाचला ठरलं. पत्र टाइप होऊन सही व्हायला साडेसात वाजले, कारण सही करणारे साहेब एका सत्काराला गेले होते. ते पत्र माझ्या मोबाइलवर आलं 9 वाजून 40 मिनिटांनी, तेही वाकडा फोटो काढून. तोवर पोरांच्या ग्रुपवर एक वेगळंच पत्र फिरत होतं. कुणीतरी जुन्या पत्रावरची तारीख बदलली होती आणि त्यात दोन दिवसांचे पेपर रद्द असल्याचं लिहिलं होतं. मी खरं पत्र टाकलं तेव्हा निम्मी पोरं झोपलेली. काहीजण सकाळी सहाच्या एसटीने भिजत केंद्रावर आले आणि परत गेले. परवाच्या, खरोखर होणाऱ्या पेपरला काहीजण आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी बैठक झाली. पहिलाच प्रश्न आला, “सोशल मीडिया कोण बघतं?” सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साडेपाचच्या निर्णयाच्या वेळी मला त्या खोलीत का बोलावलं नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही, वय सव्वीस होतं. आज बोलले असते.

ह्या क्षेत्रातल्या माणसांच्या कितीही अडचणी सांगितल्या तरी मुळाशी हीच एक सापडते. निर्णय झाल्यावर त्यांना सांगतात, होताना बसवत नाहीत. बसवलं असतं तर मी एवढंच म्हणाले असते, की सहीला थांबू नका, संकेतस्थळावर दोन ओळी आत्ता टाका, सविस्तर पत्र मागून येऊ द्या.

त्यात आपल्याकडे अंतरं मोठी. मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांपैकी तुमचा परभणी, शिवाय नांदेड, लातूर आणि हिंगोली इथली कॉलेजं नांदेडच्या विद्यापीठाकडे. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवची संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे. किनवटच्या तांड्यावरची पोरगी निकालातल्या चुकीसाठी नांदेडला जायचं म्हणते तेव्हा तिच्या आईची एक दिवसाची मजुरी बुडते. घरातलं पहिलंच लेकरू कॉलेजात गेलेलं असतं, ‘एटीकेटी’ म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जायची सवलत, हे सांगायला घरात कुणी नसतं. अशा घरात कॉलेजची नोटीस पोचते ती कशी, ते बघा. ही भाषा तुमच्या ओळखीची असेल, तुमच्याही खात्यात चालते:

“उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, ज्या विद्यार्थ्यांनी द्वितीय सत्राचे परीक्षा आवेदनपत्र विहित मुदतीत सादर केलेले नाही, त्यांनी विलंब शुल्कासह सदर आवेदनपत्र सादर करावे. तद्नंतर कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.”

चांगली मुलगी जनसंपर्कात बसली की ह्याचं असं करते: “दुसऱ्या सत्राचा परीक्षा फॉर्म भरायचा राहिलाय? शुक्रवारी संध्याकाळी 5 पर्यंत भरता येईल. दंड 100 रुपये. खिडकी क्रमांक 3. येताना मागच्या सत्राची गुणपत्रिका आणा.” दिसायला चार ओळी. पण तारीख, दंड आणि खिडकी ह्या तीन गोष्टी तीन टेबलांवरून काढून आणाव्या लागतात, आणि तिन्ही टेबलं म्हणतात, “पत्रात सगळं आहे की.” एम.ए. कशाला लागतं, ह्याचं निम्मं उत्तर इथं आहे. उरलेलं निम्मं चिकाटीत आहे, त्याची पदवी मिळत नाही.

अजून एक उदाहरण देते, कारण ते तुमच्या घरातही बोललं गेलं असणार. 8 जुलै 2024 ला राज्य सरकारचा निर्णय निघाला. बातम्यांचे मथळे आले ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजांच्या दारात आई-बाप उभे, “सगळं फुकट ना?” प्रत्यक्षात निर्णय होता व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी. माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला. प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला नको. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यात नाहीत. वसतिगृह, मेस, पुस्तकं हा खर्च घरचाच. आता हे सगळं, हातात पिशवी घेऊन पाथरीहून आलेल्या बाईला दोन मिनिटांत, तिचा हिरमोड न करता, तरी एक शब्द खोटा न बोलता सांगायचं. आणि त्याच वेळी संस्थेच्या मार्केटिंगवाल्याने ‘मोफत’ हा शब्द बॅनरवर लाल अक्षरात टाकलेला असतो. मुलीची खरी कसोटी तिथं लागेल. खाली बारीक अक्षरात अटी टाकून मोकळं होता येतं, पण पुढं फीच्या खिडकीवर भांडण होतं आणि ते मिटवायला पुन्हा हिलाच बोलावतात.

त्याच वर्षापासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण पदवीला लागू झालं. मेजर, मायनर, क्रेडिट, चौथ्या वर्षी ऑनर्स. प्राध्यापकच एकमेकांना विचारत होते, तिथं पालकांचं काय घेऊन बसलात.

आता शब्दांचं. मराठवाड्यात नाव चुकवून चालत नाही, आणि हे बाहेरून आलेल्या एजन्सीवाल्यांना लवकर कळत नाही. 1958 साली सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 ला केला. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसं मेली, वस्त्या जळाल्या. त्यामुळे प्रेसनोटमध्ये जागा वाचवायला कुणी नाव छाटलं, तर सकाळी सातला फोन सुरू होतात, आणि व्हायलाच पाहिजेत. नांदेडच्या विद्यापीठाचंही तसंच. ते सुरूच झालं 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, 1994 मध्ये, आणि नाव स्वामी रामानंद तीर्थांचं. ‘एसआरटी’ म्हणून उरकणारा माणूस मला जनसंपर्कात नको. तुमच्या मुलीला हे सांगावं लागणार नाही, ती इथलीच आहे. तिच्या अर्जातली ही जमेची बाजू आहे आणि पगाराचं बोलताना तिने ती वापरावी.

रोजच्या कटकटी थोडक्यात सांगते. मजकूर श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, आला की वर्तमानपत्राच्या डेस्कवर त्याचे चौकोन होतात, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. ‘साहेबांचा फोटो चार कॉलमात का नाही’ हे आठवड्यातून एकदा. कामाचं मोजमाप म्हणजे कात्रणांची फाइल. किती पोरांना नोटीस वेळेत कळली हे कुणी मोजत नाही. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हटलं की तीन वर्षांचे फोटो एका रात्रीत हवे असतात, तारखांसकट. हल्ली एक नवीन निघालंय, यंत्राकडून प्रेसनोट लिहून घ्यायची. ती वाचताना मराठी वाटते आणि वाचून झाली की कुठली बातमी होती तेच आठवत नाही.

एक गोष्ट मात्र कटकटीत मोडत नाही. गुणवत्ता यादी लावताना पोरींचे मोबाइल नंबर आणि जातीचा प्रवर्ग सगळं एकाच तक्त्यात संकेतस्थळावर चढवलेलं मी पाहिलंय. नंतर त्या पोरींना कुणाकुणाचे फोन येतात, हे त्यांच्या आयांना विचारा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संसदेत झाला, पण यादी चढवणाऱ्याला तो कुणी सांगितलेला नसतो. “हा रकाना काढा, मग टाकते” एवढं म्हणायची धमक तुमच्या मुलीत असली तर ती त्या संस्थेच्या फार उपयोगाची आहे. संस्थेला ते पहिल्या दिवशी आवडेल असं नाही.

तुम्ही बी.एड.चं लिहिलंय. भाऊ, बी.एड. झालं म्हणजे शाळा मिळाली हे दिवस गेले. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, आणि मधे वाट बघणं. मास्तरकी वाईट म्हणून मी हे सांगत नाही. पण मुलीने दोन वर्षं दुसरं काही मन लावून शिकल्यावर केवळ पाहुण्यांना सांगायला सोपं पडावं म्हणून तिला तिकडं वळवू नका. पाहुण्यांना सांगा, कॉलेजची जनसंपर्क अधिकारी आहे. पद तेवढं नाही अजून, पण पाहुणे करारपत्र मागत नाहीत.

पुढचं म्हणाल, तर संस्थेतल्या संस्थेत चढायला शिडी लहान आहे. एका विद्यापीठात जनसंपर्क अधिकाऱ्याची मंजूर पदं अशी किती असणार! म्हणून ही नोकरी मुक्कामाची समजू नये. दोन-तीन वर्षांचा नीट अनुभव घेऊन रुग्णालयं, बँका, स्वयंसेवी संस्था, पुण्यातल्या एजन्स्या, इकडं जाता येतं. सरकारी वाट हवी असेल तर जिल्हा माहिती अधिकारी आणि सहायक संचालक (माहिती) ही पदं लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. पत्रकारितेची पदवी आणि अनुभव दोन्ही तिथं कामाला येतात. जाहिरात निघेल तेव्हा अनुभवाची अट शब्दन् शब्द वाचायची, आणि त्यासाठी अनुभवाचं पत्र आतापासून संस्थेच्या लेटरहेडवर, तारखांसकट घेत राहायचं. 11 महिन्यांचा करार संपला की ‘नंतर देतो’ म्हणणारे पुष्कळ.

संभाजीनगरात 20,000 मध्ये खोली, मेस आणि येणं-जाणं भागेल, घरी पाठवायला फार उरणार नाही. हे आधीच मान्य करून तिला पाठवा, म्हणजे दर महिन्याला त्यावरून फोनवर बोलणं नको. भविष्य निर्वाह निधी कापणार का, कॅमेरा आणि मोबाइलचा डेटा कुणाचा, संध्याकाळचे कार्यक्रम नऊला संपले तर खोलीवर सोडायची सोय कोण करणार, हे लेखी घ्यावं. शेवटचं तर तोंडी अजिबात नको.

आणि मुलाखतीत तिने एक प्रश्न विचारावा: “परीक्षा, फी किंवा वसतिगृहाबद्दल काही निर्णय होत असेल, तर त्या बैठकीत मी असेन का?” समोरचे हसले तर समजायचं, की फोटोच काढायचेत. मग ते शिकण्यापुरते 11 महिने काढावेत, तोवर दुसरीकडे अर्ज करावेत. कुणी “तशी पद्धत नाही, पण बघू” म्हणालं तर जागा घ्यावी. “हो” म्हणणारा भेटला तर 20,000 ला सुद्धा घ्यावी.

जायच्या आधी घरी एक काम करा. तुमच्या मोबाइलवर त्या संस्थेचं संकेतस्थळ उघडा. मुलीला शेजारी बसवा, पण तिला हात लावू देऊ नका. वसतिगृहाची फी किती आणि ती भरायची शेवटची तारीख कोणती, हे तुम्ही स्वतः शोधा. किती मिनिटं लागली, कुठं अडलात, कुठला शब्द कळला नाही, हे तिने वहीत लिहावं. ती वही मुलाखतीला घेऊन जावी. फोटोंचा अल्बम घेऊन येणारे दहा असतील, हे घेऊन जाणारी बहुधा ती एकटीच.

तुम्ही सोबत जाणारच, रजा मिळाली तर जरूर जा. फक्त पगाराचं बोलणं तिला करू द्या. तेवढा वेळ तुम्ही गेटबाहेर चहा घ्या.