तालमीतल्या वस्तादांचं मानधन सरकारी अनुदानातून देता येतं का?

हो, येतं, पण वस्ताद स्वतः राष्ट्रीय पातळीवर नाव काढलेला पैलवान असेल तर. केंद्र सरकारच्या 'खेलो इंडिया केंद्र' (जिल्हा पातळीवरचं खेळाचं प्रशिक्षण केंद्र) योजनेच्या नियमावलीत एका खेळासाठी वर्षाला 5 लाख रुपये धरलेत. त्यातले 3 लाख माजी खेळाडू-प्रशिक्षकाचं मानधन, म्हणजे महिन्याला 25 हजार. उरलेल्या 2 लाखांत मदतनीस, किट, किरकोळ साहित्य आणि पोरांना स्पर्धेला नेण्याचा खर्च बसवायचा. शिवाय मैदान-साहित्यासाठी एकदाच 5 लाख. तुमच्या तालमीसाठी कुस्तीची मॅट यातूनच. वार्षिक रक्कम चार वर्षांसाठी असते, पुढचा विचार आधीच करून ठेवा.

या प्रशिक्षकाच्या निवडीत भारताकडून खेळलेल्यांना पहिलं प्राधान्य, मग राष्ट्रीय पदकविजेते. केवळ अनुभवाच्या जोरावर शिकवणाऱ्या वस्तादाला, तो कितीही जाणता असो, हे मानधन मिळणं कठीण. मला ते पटत नाही, पण नियम तसा आहे. केंद्र चालवायला निदान पाच वर्षं त्या खेळाचं काम करणाऱ्या संस्थाही पात्र धरल्या जातात. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्याच्या क्रीडा खात्याकडे आणि तिथून भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे जातो. सुरुवात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयापासून करा, सध्या प्रस्ताव घेतात का ते तिथेच कळेल. राज्याचं व्यायामशाळा विकास अनुदान वेगळं आहे: ते बांधकाम आणि साहित्यासाठी, पगारासाठी नाही. आणि खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) पुढचा हप्ता अडतो.