कारण काहीच नाही, मग डॉक्टरला सांगू काय?

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची, विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे. घरात सगळं ठीक आहे, मिस्टर चांगले आहेत, मुलगी बारावीला, कर्ज फिटत आलंय, तरी दिवाळीपासून मन कशातच लागत नाही. आमच्याकडे पाणी पाचला येतं म्हणून मला पावणेपाचला उठायची सवय, पण आता तीनलाच जाग येते आणि मग पाणी येईपर्यंत नुसती छताकडे बघत पडते. छातीत धडधड होते म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल. परवा कोळीणमावशी दारात आली, मी एरवी बोंबलाच्या वाट्यावरून तिच्याशी हुज्जत घालणारी, त्या दिवशी ती म्हणाली तेवढे पैसे दिले आणि दार लावायला गेले तर तीच म्हणते, वहिनी बरं नाय काय? मिस्टर म्हणतात आठ दिवस गावी जाऊन ये, आई म्हणते दृष्ट लागलीय, नणंद म्हणते योगा कर. आईची झोपेची अर्धी गोळी अधूनमधून घेते, तेवढं बरं वाटतं. कधीकधी वाटतं सकाळी जागच नाही आली तर बरं. पण कारण असं काहीच नाही हो, मग डॉक्टरकडे जाऊन सांगू काय? लोकांची केवढी दुःखं असतात. आणि त्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात, ऑफिसात कळलं तर अजून वेगळंच.
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : सगळ्यात आधी ते एक वाक्य, जे तुम्ही मध्येच टाकून पुढे सटकलात. सकाळी जागच नाही आली तर बरं. हे बऱ्याच जणांना वाटतं, वाटलं म्हणून तुम्ही वाईट आई होत नाही की वेड्या होत नाही, पण हे मनात यायला लागलं की डॉक्टरकडे जावं का नको हा प्रश्न संपला, जायचं. आज रात्रीच मिस्टरांना सांगा, आणि 'बरं वाटत नाही' असं गुळमुळीत नको, हेच शब्द वापरा. उद्या हा विचार नुसता विचार न राहता कसं, कधी इथपर्यंत जायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, घरच्या कोणाला तरी घेऊन सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, रात्रीचे कितीही वाजलेले असोत, आणि तोवर एकटं राहायचं नाही. तीन वाजता जाग आली आणि घरात कोणाला उठवावंसं वाटेना तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतून बोलता येतं.

आता कारणाचं. आपल्याकडे दुःखाला पण पावती लागते. कोणी गेलं, नोकरी सुटली, नवरा पितो, असं काहीतरी दाखवता आलं तरच बाईला वाईट वाटायचा हक्क, नाहीतर 'तुला काय कमी आहे' हे ठरलेलं. पण डिप्रेशन कधी मोठं काहीतरी घडून येतं, कधी काहीच न घडता येतं, घराण्यात असलं तर येऊ शकतं, थायरॉईड बिघडला तरी अगदी तसंच दिसतं, आणि तुमच्या वयात पाळी मागेपुढे व्हायला लागते तेव्हा पण त्याची शक्यता वाढते. म्हणून कारण केवढं मोठंय ते मोजत बसू नका, काय काय बंद पडलंय ते बघा. तुमच्या पत्रात मला त्या ईसीजीपेक्षा बोंबलाचा वाटा जास्त सांगून गेला. भाव करणारी बाई भाव करेनाशी झाली, आणि ते घरातल्यांच्या आधी कोळणीच्या लक्षात आलं.

डॉक्टर लोक साधारण दोन आठवडे धरतात. म्हणजे जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटतंय किंवा कशातच गोडी नाही, जोडीला झोप, भूक, थकवा, कामात लक्ष न लागणं, उगाच स्वतःला दोष देत राहणं यातलं बरंच काही आहे, आणि त्यापायी घर-ऑफिस रखडतंय, तर तपासून घ्यायचं. तुमचं दिवाळीपासून चाललंय. नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी जाग येणं आणि मग डोळा न लागणं ही तर यातली जुनी ओळखीची खूण आहे. पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी करत पण नाहीये, पण माझी बहीण असती तर याच आठवड्यात तिला हाताला धरून नेलं असतं. धडधडीचं म्हणाल तर ईसीजी काढलात ते बरोबरच केलंत. आपल्या मुंबईत मन बिघडलं की माणूस आधी अॅसिडिटीचं औषध घेतो, मग ईसीजी, मग टूडी एको, सगळं नॉर्मल आलं की 'काही झालेलं नाही' म्हणून घरी येतो आणि रात्री परत धडधड.

जायचं कुठे? फॅमिली डॉक्टर असतील तर तिथून सुरुवात करा, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घेतील, पण रिपोर्ट येईपर्यंत पुढचं लांबवू नका. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएस होऊन पुढे त्यातच शिकलेले असतात, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत, त्यांचं आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन असतं, ते विचारायला लाजू नका, कारण इन्स्टावर हल्ली जो तो माइंड कोच झालाय. प्रायव्हेटच्या फीचं टेन्शन असेल तर पालिकेच्या सायन, केईएम, नायरला सायकियाट्रीची ओपीडी आहे, केस पेपरचे पैसे नाममात्र. तुम्हाला सायनच सोयीचं, विक्रोळीहून स्लो लोकलनं चौथं स्टेशन. लवकर जा, रांग असते, आणि पहिल्या वेळी मिस्टरांना घेऊन जा, म्हणजे गावी जाऊन ये वगैरे पण बंद होईल. आणि सांगू काय म्हणताय, तर हे पत्रच दाखवा की! बोंबलासकट. तिथे गेल्यावर सगळं विसरायला होतं आणि माणूस 'तसं काही नाही डॉक्टर, झोप लागत नाही एवढंच' म्हणून उठतो.

गोळ्यांची भीती तुम्ही बरोबर उलटी धरलीय. सवय लागते ती आईच्या डब्यातल्या झोपेच्या गोळीची. अल्प्राझोलाम वगैरे गटातल्या गोळ्यांना शरीर लवकर सरावतं, त्यामुळे दुसऱ्याची गोळी घेणं थांबवा, आणि जवळपास रोजच घेत असाल तर एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून कमी करा, लपवू नका. डिप्रेशनच्या औषधांची तशी नशेसारखी सवय लागत नाही. त्यांची अडचण वेगळीच आहे, फरक दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते, आणि लोक नेमके तेव्हाच वैतागून सोडतात. नाहीतर बरं वाटलं म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही सहसा निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू उतरवतात. सगळ्यांना गोळ्या लागतात असंही नाही, सौम्य असेल तर नुसत्या बोलण्याच्या उपचारावर पण भागतं, ते डॉक्टर ठरवतील.

ऑफिसला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा तुमचा हक्क आहे, डॉक्टर परस्पर तुमच्या एचआरला काही कळवू शकत नाही. त्याच कायद्यानं मेडिक्लेमला सुद्धा मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायला लागतो, फक्त ओपीडीचा खर्च बऱ्याच पॉलिसीत नसतो तेवढं बघून घ्या. आणि ते 'ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलला पाठवतील' वालं आपलं जुनं मुंबईकर भूत डोक्यातून काढा, ओपीडीत येणारी बहुतेक मंडळी कागद घेऊन त्याच दुपारी घरी जातात, कोणी डब्याचं बघायला, कोणी सेकंड शिफ्टला.

आई दृष्ट काढते म्हणाली तर काढू दे, मीठमोहरीनं काही बिघडत नाही. योगाही करा, झेपेल तेवढा. पण हे ओपीडीच्या जोडीला हां, ओपीडीच्या ऐवजी नाही.

प्रश्न : मी २४, लालबागला राहतो. ब्रेकअप होऊन दहा दिवस झालेत. ऑफिसला जातो, मित्रांबरोबर क्रिकेट पण चालूय, पण रात्री रडायला येतं आणि मित्राच्या फोनवरून तिचं स्टेटस बघत बसतो. ग्रुपवर सगळे म्हणतायत थेरपी घे. घेऊ का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : लगेच नको. रडायला येतंय कारण रडण्यासारखं झालंय, आणि तू जेवतोयस, खेळतोयस, कामावर जातोयस. आवडीच्या माणसाचं जाणं दहा दिवसांत पचत नसतं, त्याला आजार म्हणायचं काही कारण नाही. कोणाशी तरी मोकळं बोलायचं असेल तर समुपदेशकाकडे एकदा जाऊन आलास तरी हरकत नाही, त्यासाठी आजारी असावं लागत नाही, पण ग्रुपवर ठरलं म्हणून जाऊ नकोस. मित्राला सांग फोन देऊ नको. पण महिनाभरानंही हे तसंच राहिलं, ऑफिसला दांड्या पडायला लागल्या, झोपण्यासाठी रोज एक क्वार्टर लागायला लागली किंवा जगून काय करू असं यायला लागलं, तर मात्र वरच्या विक्रोळीच्या ताईंना जे सांगितलं तेच तुला, नंबरसकट.