जिन्यातला दिवा बंद कोणी करायचा?

प्रश्न : काका, आमची डोंबिवलीतली जुनी इमारत, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. जिन्यात नऊ दिवे आहेत. पूर्वी ४० वॅटचे बल्ब होते, आता ९ वॅटचे एलईडी. सगळे मीटरखोलीतल्या एकाच बटनावर. संध्याकाळी ते लावतो कोणीतरी, सकाळी बंद करायला मात्र कोणी नाही, दुपारपर्यंत दिवे चालूच. कमिटीत एक म्हणतो सेन्सर, दुसरा टू-वे, तिसरा टायमर. शिवाय जुनी, पियानोच्या पट्टीसारखी दाबायची पियानो बटनं काढून प्लेटमध्ये बसणारी मॉड्युलर बसवा असा आग्रह आहेच. काय करावं?
– सोसायटीची सेक्रेटरी

उत्तर : ताई, आधी हिशेब. नऊ दिवे, ९ वॅटचे, म्हणजे ८१ वॅट. रात्रीचे बारा तास जळले तर रोज जेमतेम एक युनिट, महिन्याला तीस. ४० वॅटच्या बल्बांना याच कामाला महिन्याला १३०च्या आसपास युनिटं लागायची. म्हणजे मोठी बचत बल्ब बदलले त्या दिवशीच झाली. आता कमिटी भांडतेय ती उरलेल्या तीसमधल्या काहींवरून. म्हणून युनिटं राहू द्यात, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पायरी दिसते का ते बघा.

टू-वे घरातल्या जिन्याला झकास. खाली लावा, वर जाऊन बंद करा. तुमच्याकडे तळाला नि चौथ्या मजल्यावर टू-वे आणि मधल्या तीन मजल्यांवर इंटरमीडिएट बटनं, म्हणजे मधूनही तेच दिवे लावता-घालवता येणारी, लागतील. पण सोसायटीत घोळ असा, की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने घरात शिरताना बटन दाबलं की मागून चढणारा अंधारात. आणि नाही दाबलं, तर दिवे रात्रभर चालू. मग एवढ्या वायरी कशाला ओढायच्या?

टायमरचं बटन दाबलं की ठरवलेली मिनिटं दिवे राहतात, मग आपोआप जातात. ठाण्याच्या एका इमारतीत मी हे बसवून दिलं होतं. तिथल्या काटकसरी खजिनदारांनी वेळ एका मिनिटावर आणून ठेवली. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामाला गेलो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बटनाभोवती भिंतीच्या चुन्यावर तळहातांचा काळा पट्टा उमटलेला. लोक पिशव्या टेकवून दम खायला थांबायचे, तेवढ्यात दिवा जायचा, आणि मग भिंत चाचपत बटन शोधायचे. वेळ चार मिनिटं केली, अंधारात दिसणारी इंडिकेटरवाली बटनं लावली. तक्रार थांबली. खजिनदार अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सेन्सरला दाबायचं काही नसतं, हा त्याचा गुण. अंगाची उष्णता हलली की तो ओळखतो. पण समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो, म्हणून तो कुठे बसवायचा ते जिना चढून-उतरून ठरवा. मे महिन्यात भिंती तापल्या की तो थोडा सुस्तावतो. आणि माणूस दम खायला स्वस्थ उभा राहिला, तर काही वेळाने हाही दिवा घालवतो.

म्हणून मी सेक्रेटरी असतो तर काम वाटून दिलं असतं. मधल्या चार वळणांवरचे दिवे फोटोसेलवर, म्हणजे अंधार पडला की लागतील, उजाडलं की जातील. कोणी बंद करायचा प्रश्नच मिटला. मजल्यांवरचे पाच दिवे सेन्सरवर. वळणावरच्या दिव्यांना महिन्याला तेरा युनिटं लागतील आणि जिना कधीच पूर्ण अंधारात जाणार नाही. फोटोसेल बाहेर छज्ज्याखाली लावा, पण कुठल्याही दिव्याचा उजेड त्याच्यावर पडता कामा नये, नाहीतर दिवा लागला की त्याला वाटतं सकाळ झाली, आणि रात्रभर उघडझाप. मीटरखोलीतलं बटन काढू नका. सेन्सर बिघडला तर दिवे थेट लावायला ते बायपास म्हणून जोडून घ्या.

राहिलं मॉड्युलर. दिसायला छान, पण मीटरखोलीत बघायला जातंय कोण? पियानो बटन बिघडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि तेवढंच बदलता येतं. मॉड्युलरचा साचा कंपनीगणिक वेगळा, दहा वर्षांनी तीच प्लेट शोधत फिराल. काहीही घ्या, आयएसआयचा शिक्का आणि आयएस ३८५४ हा आकडा बघून घ्या.

प्रश्न : बटन बंद केलं तरी एलईडी रात्रभर मिणमिणतो. बल्ब बदलला, तरी तेच.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बटनात लाल इंडिकेटर आहे का? असेल तर त्यातून झिरपणारा थेंबभर करंट एलईडीला पुरतो. साधं, बिनइंडिकेटरचं बटन लावून बघा.

तसं नसेल तर जरा घाबरा. बटन फेजवर, म्हणजे करंट घेऊन येणाऱ्या तारेवर असावं लागतं. ते चुकून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर बसलं असेल, तर बटन बंद असतानाही होल्डरपर्यंत २३० व्होल्ट पोचलेले असतात. मी हेल्पर होतो तेव्हा गिरगावातल्या एका चाळीत, पितळी टोपीचं जुनं टंबलर बटन नीट बंद करून होल्डरला हात लावला आणि स्टुलावरून थेट खाली. तेव्हापासून बटन बंद असलं तरी आधी टेस्टर लावतो. तुम्ही मात्र टेस्टर घेऊन वर चढू नका. मेन बंद करा आणि लायसनवाला वायरमन बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे.