आधी उधारी, मग माणूस

प्रश्न : राजारामपुरीत बसून मी उद्योजकांची माहितीपत्रकं, सोशल मीडियाचा मजकूर करून देते. काम रगड, पण हातात पैसा टिकत नाही. नव्या वर्षात कामाला एक मुलगी ठेवू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी बिलांची फाइल काढा. डिसेंबरात मीही तेच करतो. उद्यमनगरातले एक फाउंड्रीवाले ‘देतो की वो, कुठं पळून जातोय व्हय?’ म्हणत चार महिने काढतात. गुजरीतले सराफ मात्र चहा संपायच्या आत पैसे पाठवतात. यंदा फाउंड्रीवाल्यांना निम्मी रक्कम आगाऊ मागितली. जरा फुगले, पण दिली.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीय का? फुकट होते. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानं तुमचं बिल 15 दिवसांत चुकतं व्हायला हवं. लेखी करार असला, तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मग बिल वेळेत चुकवा म्हणून गिऱ्हाइकाचा सीए स्वतःच त्याच्या मागं लागतो.

नवं काम चपलेत शोधा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत तशीच चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दिसली आणि गदारोळ झाला. तरी अनेक दुकानांच्या पानावर नुसता फोटो आणि भाव. बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं, हाताची शिलाई, यातलं अक्षर नाही! ते लिहा, पण महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर. अशी तीन गिऱ्हाइकं जमली, की मुलगी ठेवा. सुरुवातीला अर्धा दिवसच.